मंचर ते घाटघर, एका न बसायच्या स्टुलासोबत

लोक प्रवासवर्णनं लिहितात ती सातासमुद्रापार जाऊन आल्यावर. मी मंचरहून निघून घाटघरला गेले, म्हणजे आंबेगाव तालुका ओलांडून जुन्नर तालुक्याच्या टोकाला, आणि परत आल्यावर आठवडाभर पाय शेकत बसले. तरीही लिहिते आहे, कारण या प्रवासात मला पश्चिम आफ्रिकेतल्या एका राज्याचा बराचसा इतिहास ऐकायला मिळाला, आणि त्यात माझ्या हातून थोडी भरही पडली. ती कशी पडली हे वाचल्यावर तुम्ही हसाल. हसा. माझी नातवंडं रोज हसतात.

गोष्ट नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. मी तेव्हा पंचेचाळिशीत होते आणि माझ्या मते तालुक्यातली सगळ्यात शिकलेली बाई होते. शिवनेरीवरची एक पुस्तिका मी दोनदा वाचली होती, महिला मंडळात एकदा भाषण केलं होतं, आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून वरून बघायची सवय लावून घेतली होती. आता तोच चष्मा खरोखर घसरतो, तेव्हा त्या बाईची आठवण येऊन माझं मलाच हसू फुटतं.

आमचं घराणं मूळ मारवाडचं. पण पिढ्यान्‌पिढ्या मंचरात कांद्या-बटाट्याची आडत. म्हणजे शेतकऱ्यांचा माल आमच्या दारात उतरायचा आणि आमच्या दारातूनच विकला जायचा. आणि आम्ही जैन. जमिनीखालचं कंदमूळ आम्ही खात नाही, शेंगदाणा तेवढा चालतो. बटाट्यावर घर उभं, पण घरात बटाटा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बटाट्याच्या गोण्या बघत होते, पण एक बटाटा कधी सोलला नव्हता.

मंचर

माझी मुलगी रेखा पुण्यात होस्टेलला होती. तिच्या खोलीतली मैत्रीण आकोसुआ, घानातल्या कुमासी गावची. दिवाळीनंतर तिला आमचा भाग बघायचा होता. रेखाची परीक्षा, म्हणून तिनं मैत्रीण एकटीच एसटीत बसवून पाठवली आणि मला फोनवर सांगितलं, "आई, तिला फार शिकवू नकोस हं."

आकोसुआ उतरली ती उंचच्या उंच, हसरी, आणि काखेत एक लाकडी स्टूल. एका अख्ख्या लाकडातून कोरलेलं, मध्ये जाळीचा खांब आणि वर चंद्रकोरीसारखी वाकलेली बैठक. मला वाटलं, बिचारीला एसटीत जागा मिळणार नाही अशी भीती असेल.

"काकू, हे माझ्या आजीचं आहे," ती म्हणाली. दोन वर्षं रेखासोबत राहून ती छान मराठी बोलायची. "आजी गेली. मला जाता आलं नाही. मामा पुण्याला आले तेव्हा घेऊन आले. आजी सांगून गेली होती, हे आकोसुआला द्या."

"मग होस्टेलला ठेवायचं ना."

"होस्टेलमध्ये कुणीही कशावरही बसतं. यावर आजी बसायची. तिचा जीव यात आहे. यावर दुसऱ्या कुणी बसायचं नाही. मीपण नाही."

तिनं ते भिंतीशी नेलं आणि आडवं करून, कडेवर टेकवून ठेवलं. सरळ ठेवलं तर एखादा भटका आत्मा येऊन बसतो, म्हणून त्यांच्याकडे रिकामं स्टूल कधी उभं ठेवत नाहीत.

हे माझ्या सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्या आल्या, आडवं पडलेलं स्टूल पाहिलं आणि उभं केलं. आकोसुआ पाणी पिऊन आली, तिनं आडवं केलं. सासूबाई माळ ओढत परत आल्या, उभं केलं. दोघी एकमेकींशी अत्यंत गोड हसत होत्या. संध्याकाळपर्यंत ते स्टूल इतक्या वेळा उठलं-पडलं की आडतीवरचा हमाल मला म्हणाला, "शेठाणीबाय, त्या इस्टुलाला फीट येती का वं?"

शेवटी मी सासूबाईंना सगळं समजावलं.

"मग आधी नाही सांगायचं? जेवण झाल्यावर आपण पाट भिंतीशी उभा करून ठेवतो, तो कशाला? तेच की हे," त्या म्हणाल्या, आणि स्टुलाला पाय लागला होता म्हणून नमस्कार करून आत गेल्या. अर्ध्या जगाच्या अंतरावरचे दोन रिवाज त्यांनी एका वाक्यात जुळवले. मी मात्र चष्म्यावरून बघत "मानववंशशास्त्रीय दृष्ट्या" असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. ते कुणी ऐकलं नाही, हे बरं झालं.

जेवायला दाण्याची आमटी होती. आकोसुआनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्याकडेही शेंगदाण्याचा रस्सा करतात, त्यात कंद कुटून केलेला गोळा बुडवतात आणि न चावता गिळतात. उजव्याच हातानं. डावा हात पुढे केला तर तिथल्या आज्याही आपल्या आज्यांसारख्याच डोळे वटारतात. कंद म्हटल्यावर आमच्या ह्यांनी घास हातात धरून विचारलं, "जमिनीखालचा?" ती हो म्हणाली. ह्यांनी तिच्याकडे फार दयेनं बघितलं. स्वतः दिवसभर बटाटे तोलून आले होते.

जेवणानंतर तिनं गोष्ट सांगितली. तिच्या असांते लोकांचं एक सोन्याचं आसन आहे. त्यात एका माणसाचा नाही, सगळ्या राष्ट्राचा जीव आहे. राजासुद्धा त्यावर बसत नाही. त्या आसनाला ठेवायला वेगळं आसन असतं. इंग्रज आले, त्यांनी राजाला धरून परमुलखात पाठवलं. मग त्यांचा गव्हर्नर कुमासीला आला आणि सगळ्या सरदारांना जमवून म्हणाला, ते सोन्याचं आसन कुठे आहे? मला बसायला का दिलं नाही?

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या.

"सरदार गप्प बसले. कुणी म्हणालं, जाऊ द्या, नमतं घेऊ. तेव्हा एजिसू गावची राजमाता उठली. 'या असांतेवा' तिचं नाव. वय झालेली, नातवंडांची आजी. ती म्हणाली, तुम्ही पुरुष लढत नसाल तर आम्ही बायका लढतो. आणि लढली. गव्हर्नरला किल्ल्यात कोंडून ठेवलं."

"मग जिंकली?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. तिला पकडून दूरच्या बेटावर नेलं, तिथेच वारली. पण आसन इंग्रजांना सापडलं नाही. कधीच कुणी बसलं नाही."

"मग जिंकलीच की," सासूबाई म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

जुन्नर

दुसऱ्या दिवशी आमची आडतीची जीप घेऊन निघालो. गाडी चालवायला बबन. बबन गप्पिष्ट, आणि त्याच्या बोलण्यात रात्री टीव्हीवर ऐकलेलं हिंदी मधूनमधून घुसायचं. आकोसुआला तो 'म्याडम' म्हणायचा आणि मला 'भाभी'. स्टूल तिनं मांडीवर घेतलं होतं.

जुन्नरात शिवनेरीच्या पायथ्याशी उभं राहून मी पुस्तिकेतलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. आकोसुआनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काकू, तुम्ही वर किती वेळा गेलात?"

मी म्हटलं, "इतिहास डोळ्यांनी बघायचा असतो, पायांनी नाही."

गड चढायचा नाही म्हणून बनवलेलं हे माझं सर्वोत्तम वाक्य. ती एकटी चढून आली. मी खाली स्टूल सांभाळत उभी होते. उभी हं! तेवढ्या वेळात सात-आठ जण येऊन "बाई, बसा की, स्टूल आहे ना" म्हणून गेले. आपल्याकडे माणूस उभा दिसला की त्याला बसवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. एक आजोबा तर माझ्या आग्रहाला बळी पडल्याचा आव आणून स्वतःच टेकायला निघाले होते. मी असा काही आवाज काढला की ते काठी टेकत पार फाटकापर्यंत गेले. त्या गव्हर्नरसाहेबाला कुणी वेळीच असा आवाज काढून दाखवला असता तर युद्ध टळलं असतं.

दुपारी नाणेघाट बघायला घाटघरच्या रस्त्याला लागताना बबन म्हणाला, "भाभी, ह्ये वर बांधू का? गचके लई हायेत. मांडीवं ठिवलं तं म्याडमच्या गुडघ्याचा बोल्ट ढिला हुईल."

आकोसुआ का-कू करत होती. मी चष्मा खाली घेतला आणि म्हटलं, "बांध रे. आमच्या बबनची गाठ म्हणजे गाठ."

नाणेघाट

नाणेघाटाच्या तोंडाशी गुहा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांची राणी नागनिका हिनं तिथल्या भिंतींवर आपल्या यज्ञांची आणि दानांची मोठी यादी कोरून घेतली. राजा गेलेला, मुलं लहान, कारभार हिच्या हातात. समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, त्यांची आता फक्त पावलं उरली आहेत. मी हे सगळं ठणकावून सांगितलं.

आकोसुआ पावलांकडे बघत राहिली. "आमच्याकडे राजा कोण होणार हे राजमाता ठरवते. आणि गादी बापाकडून नाही, आईच्या बाजूनं जाते. मामाकडून भाच्याला."

"म्हणजे पोरगा राहिला बाजूला आन्‌ भाच्याला गादी?" बबन म्हणाला. "माझ्या मामाला सांगा की म्याडम. त्यानं मला ट्र्याक्टरला हात लावून दिला नाय."

आम्ही हसत हसत जीपपाशी आलो. वर दोरी होती. दोरीची गाठसुद्धा जशीच्या तशी होती. स्टूल नव्हतं.

बबननं टपावर चढून बघितलं, गाडीखाली बघितलं आणि काय सुचलं कुणास ठाऊक, बॉनेट उघडून बघितलं. आकोसुआ ओरडली नाही, रडली नाही. रस्त्याच्या कडेला दगडावर बसली आणि हळूच म्हणाली, "तिच्या अंत्यविधीला मी नव्हते. एवढं एकच सांभाळायचं होतं. त्यावर कुणी बसलं असेल तर?"

मी लगेच बबनला गाडी वळवायला सांगितली. कारण आमचा मुलूख मला ठाऊक होता. रस्त्यात रिकामं स्टूल सापडलं तर आमचा माणूस पहिलं काय करेल? त्यावर बसेल, तंबाखू मळेल आणि मग विचार करेल की हे कुणाचं.

परत निघालो. प्रत्येक वळणावर बबन ब्रेक दाबायचा आणि दिसेल त्याला विचारायचा. "ओ पावणं, इस्टूल दिसलं का?" आणि मी खिडकीतून डोकं काढून ओरडायचे, "दिसलं असेल तर बसू नका!" एका गुराख्यानं मला हात जोडले आणि म्हणाला, "न्हाई बसत, बाई. उभाच हाय मी."

घाटघरचं खळं

घाटघरच्या अलीकडे रस्ता वळतो तिथे खालच्या अंगाला एक खळं होतं. भात झोडून झालं होतं आणि एक म्हातारा उंचावर उभा राहून सुपानं भात वाऱ्यावर धरत होता. दाणे खाली, भुसा उडून पलीकडे.

उंचावर! "बबन, तो कशावर उभा आहे?"

बबन डोळे बारीक करून म्हणाला, "तिवई हाय भाभी. तीन पायांची. आपलं न्हाई."

मग दिसलं. खळ्याच्या मध्यावर भाताची रास, राशीशेजारी आमचं स्टूल. बैठकीवर हळद-कुंकू, झेंडूची दोन फुलं आणि नारळ. आकोसुआ चपला फेकून खाली धावली. चपला फेकल्या हे बरं झालं, कारण खळ्यात चपला चालत नाहीत. मी चपलांसकट धावले आणि म्हाताऱ्याच्या बायकोचा ओरडा खाल्ला.

म्हातारा धोंडूबाबा, बायको ठकूबाई. बबननं त्यांना मी कोण, आमची आडत कुठली, ते सांगून टाकलं. धोंडूबाबांनी सुपासकट खाली उतरून सांगितलं, "आवो, मी हितं बांधाच्या खाली बसलो व्हतो. इडी पेटवित व्हतो. तं वरनं, असं आभाळातनं, ह्ये आलं आन्‌ माझ्या मांडीत! इडी इझली, म्यापण इझलो आसतो. आज राशीची पूजा. म्हनलं लक्षुमीनंच आसन धाडलं. कोन बसतंय तिच्या आसनावर?"

"कुणीच बसलं नाही?" आकोसुआनं विचारलं.

"टेकलं बी न्हाई कुणी. ह्ये आमचं म्हातारं टेकाया गेलं व्हतं," ठकूबाई म्हणाली, "मी केरसुनी दावली."

आकोसुआला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग खळ्याच्या कडेला बसून तिनं दुसरी गोष्ट सांगितली. पूर्वी असांते लोक वेगवेगळ्या टोळ्यांत भांडत असत. ओसेई टुटू नावाचा राजा होता, आणि त्याचा मित्र ओकोम्फो अनोक्ये हा मोठा मांत्रिक. त्यानं सगळ्या सरदारांना जमवलं, आभाळाला हाक घातली, आणि गडगडाट होऊन ढगांतून सोन्याचं आसन हळूहळू खाली आलं. ते बरोबर राजाच्या गुडघ्यांवर उतरलं. तेव्हापासून सगळे एक झाले. त्याच मांत्रिकानं एक तलवार जमिनीत खुपसून ठेवली आहे, ती अजून कुणाला उपटता आलेली नाही.

धोंडूबाबा छाती काढून उभे राहिले. "म्हंजी आसन मांडीत पडलं तं मानूस राजा हुतो? आगं ये, ऐकलं का?"

"ऐकलं. राजं, त्यो भुसा भरा आता," ठकूबाई म्हणाली.

मी चष्म्यावरून बघत म्हटलं, "बरं, आम्ही हे घेऊन निघतो."

"आता न्हाई न्यायचं," ठकूबाई म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "राशीची पूजा झाली. रास मोजून उचलंस्तवर खळ्यातनं काय बी भाईर जात न्हाई. काडी बी न्हाई. तुमचंच हाय, तुमालाच देनार. पन रास उचलल्याव."

मी वाद घालणार होते. आकोसुआनं माझा हात धरला. "बरोबर आहे काकू. आमच्याकडेही असंच सांगितलं असतं." आणि तिनं ओढणी कमरेला बांधली आणि पाटी उचलली.

मग काय, मलाही उचलावी लागली. भात पाट्यांनी भरून घरात न्यायचं होतं. धोंडूबाबा मापानं मोजायचे. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणाले नाहीत, 'लाभ' म्हणाले. मोजताना कुणी बोलायचं नव्हतं. माझ्यासारखीला हीच मोठी शिक्षा. भाताचं कूस मानेत, पोलक्यात, कानात. मी आडतीची मालकीण, गोण्यांच्या डोंगरात आयुष्य गेलेलं, आणि वजन म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्या खेपेला मी अर्धीच पाटी भरून घेतली. चष्मा घामानं घसरून भातात पडला, तो मी पदराला बांधला. आकोसुआ आणि ठकूबाई डोक्यावर पाट्या घेऊन अशा डौलात चालत होत्या की जणू एकाच गावच्या.

रास उचलली. खळं झाडून झालं. ठकूबाईनं नारळ फोडला, फुलं काढून घेतली, स्टूल नीट पुसून माझ्या मागे आणून ठेवलं आणि म्हणाली, "घ्या तुमचं. लई दमला शेठाणीबाई. बसा वाईच."

आणि मी बसले.

दिवसभर तालुकाभर ओरडत सुटलेली मी, वळणावळणावर लोकांना उभं ठेवणारी मी. इतकं आरामशीर आसन मला जन्मात मिळालं नव्हतं. मी "आई गं" असं समाधानानं म्हटलं आणि पाय पसरले. मग आकोसुआचा चेहरा दिसला. धोंडूबाबांच्या हातातली विडी तशीच राहिली होती.

मी उठायला गेले. उठवेना. बबननं आणि आकोसुआनं दोन दंडांना धरून मला उपटलं.

"काकू," आकोसुआ म्हणाली, "गव्हर्नरलासुद्धा जमलं नव्हतं."

मी रडायच्या बेतात होते. "आता काय करायचं गं? काहीतरी असेल ना? प्रायश्चित्त? काय वाटेल ते करते."

तिनं स्टूल आडवं करून टेकवलं आणि गंभीरपणे विचार केला. "आजीची माफी मागायची. मोठा अपराध असेल तर मेंढी कापतात."

"मेंढी?" मी किंचाळले. "अगं, आम्ही मुंगीसुद्धा..."

"मेंढरू न्हाई, पन कोंबडा हाय," ठकूबाई मदतीला धावली.

"कोंबडा नाही!"

"अंडं चालतं," आकोसुआ म्हणाली. "उकडून."

"अंडं नाही!"

ती जरा थांबली. "मग नुसता कंद. उकडून, कुस्करून, तेल घालून. आजीला तो फार आवडायचा. पण ज्यानं चूक केली त्यानंच स्वतःच्या हातानं करायचा."

"कंद न्हाई," ठकूबाई म्हणाली. "बटाटं हायेत."

सगळे माझ्याकडे बघू लागले. धोंडूबाबांना काहीच कळत नव्हतं. बबनला सगळं कळत होतं आणि तो तोंड फिरवून खांदे हलवत होता.

मेंढी, कोंबडा, अंडं यांच्यापुढे बटाटा किती निरागस दिसतो हे त्या दिवशी कळलं. ठकूबाईच्या चुलीपुढे बसून मी बटाटे उकडले. सोलताना बोटं भाजली. "आवो, थंडगार पान्यात टाका आधी," ठकूबाई म्हणाली, "येवढी मोठी आडत, आन्‌ बटाटा सोलता येईना व्हय?" मी पुढचा बटाटा पाण्यात टाकला. बोलायची हौस खळ्यातच फिटली होती. आकोसुआनं वरून शेंगदाण्याचं तेल घातलं आणि ते पिवळसर गोळे स्टुलापुढे ठेवून तिच्या भाषेत आजीशी बराच वेळ बोलली. मध्येच माझं नाव आलं. मध्येच ती हसली. शेवटी डोळे पुसले आणि तिनं पहिल्यांदाच स्टुलावर हात फिरवला, जसा आपण म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवरून फिरवतो.

"काय म्हणाली आजी?" मी विचारलं.

"म्हणाली, एवढ्या लांबवर मला भेटायला कुणीतरी आलं हे बरं वाटलं. बाई जरा जड आहे, पण चालेल."

मग तिनं ते गोळे सगळ्यांना वाटायला घेतले. आजीपुढे ठेवलेलं सगळ्यांनी मिळून खायचं, एकानंही मागे सरायचं नाही, नाहीतर माफी पुरी होत नाही. धोंडूबाबांनी खाल्लं, ठकूबाईनं खाल्लं, बबननं दोनदा घेतलं. माझ्या उजव्या हातावर तिनं एक गोळा ठेवला.

त्यानंतर काय झालं ते मी सासूबाईंना कधी सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच लिहिते की मीठ थोडं कमी पडलं होतं, आणि पुढच्या वेळी त्यात हिरवी मिरची ठेचून घालावी.